कोल्हापूरहून 'हात लावू देणारं' म्युझियम कुठलं? सोबत साडेतीन आणि सहा वर्षांची मुलं

शाहूपुरीची_सई (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अशा एखाद्या म्युझियमला न्यायचंय जिथं काचेपलीकडे बघत उभं राहावं लागत नाही. दाबायचं, फिरवायचं, ओतायचं, पाडायचं, परत उभं करायचं. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. मुलगा साडेतीनचा. त्याला अक्षरओळख नाही आणि एका जागी थांबणं हा प्रकार त्याच्या कुंडलीत नाही.

कोल्हापुरातलं सगळं करून झालंय. टाऊन हॉलमधला, ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो चिमुकला पोसायडन (ग्रीकांच्या समुद्रदेवाची धातूची मूर्ती) मला स्वतःला फार आवडतो, पण साडेतीन वर्षांच्या माणसाला रोमशी चालणारा व्यापार कसा सांगणार? न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघून 'हा उठत का नाही?' एवढंच विचारत राहिला, आणि शेवटी रमला तो बाहेरच्या हरणांपाशी. कणेरी मठावरचं पुतळ्यांचं गाव दोघांनाही आवडलं, पण 'पुतळ्याला हात नको' म्हणून म्हणून माझा घसा बसला.

तर पुणे की मुंबई? लहान्याला काही कळेल का, की नुसताच तिकिटाचा खर्च? सासूबाई येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. आणि एका दिवसात किती बघून होतं?

रात्रीची_महालक्ष्मी (शनिवार, रात्री ९:३८)

मुंबईच. रात्री कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, मुलं झोपतात, सकाळी मुंबई. लहान्याला तिकीटही नाही (पाचच्या आतलं मूल फुकट, फक्त स्वतंत्र बर्थ मिळत नाही). रस्त्यानं जाणार असाल तर कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या कामानं कुठं किती वेळ अडकवेल याचा भरवसा नाही, आणि गाडीत अडकलेलं मूल म्युझियमच्या दारात पोचेपर्यंत संपलेलं असतं.

दोन पर्याय. एक, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. त्याला जायचं तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. टॅक्सीवाल्याला 'नेहरू सायन्स सेंटर' असं पूर्ण सांगा. नुसतं 'नेहरू' म्हणालात तर तो तारांगणावाल्या नेहरू सेंटरला नेऊन सोडतो. तेही वरळीतच, पण वेगळं. विज्ञान केंद्राची बाहेरची बाग आधी झाली, १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात. मुख्य इमारत १९८५ ची. बागेत वाफेचं इंजिन, जुनी ट्राम, मारुत लढाऊ विमान आहे. सासूबाईंना बाकावर बसवा, मुलांना सोडा.

दोन, फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथल्याच आवारात २०१९ पासून खास मुलांचं म्युझियम आहे, एका जुन्या गोरखचिंचेच्या झाडाशेजारी. ते सीएसएमटीहून जवळ. अडचण एवढीच की गाडी सकाळी लवकर पोचते आणि संग्रहालय सव्वादहाच्या सुमाराला उघडतं. मधला वेळ कुठं काढायचा, आंघोळी-नाश्ता कुठं करायचा, हे आधी ठरवा. आमचं निम्मं भांडण त्या दोन तासांतच झालं होतं.

तांबडा_पांढरा (शनिवार, रात्री १०:०२)

पोरास्नी घिऊन मुंबई कशाला गाठताय वो ताई? हात लावायचाय न्हवं? मग गुऱ्हाळावर न्या. पन्हाळ्याच्या रस्त्याला दसऱ्यापास्नं गुऱ्हाळं पेटल्याली असत्यात. ऊस घाण्यात जाताना बघायचा, रस प्यायचा, काहिलीत उकळताना बघायचा, मळी काढत्यात ती बघायची, वाफ्यात वतताना बघायचं, आणि गरम गूळ हातावर घिऊन खायचा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देत्यात. कुंभार गल्लीत माती हाय. तिकीट न्हाई का रांग न्हाई. म्युझियम म्हंजे आणि काय असतंय?

बिनदास_बावडेकर (शनिवार, रात्री १०:०५)

+१. नाद खुळा.

शाहूपुरीची_सई (शनिवार, रात्री १०:२०)

दादा, गुऱ्हाळ पटलं, जाणारच. पण तुमच्या यादीत 'बघायचं' किती वेळा आलंय तेवढं मोजा. हात कुठं लावायचाय?

तांबडा_पांढरा (शनिवार, रात्री १०:२४)

घावलो :)

दाते_चाक (रविवार, सकाळी ७:४५)

मी काही वर्षं एका विज्ञान केंद्रात एक्स्प्लेनर होतो. म्हणजे प्रदर्शनाशेजारी उभं राहून मुलांना 'तूच करून बघ' म्हणणारा माणूस. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळलात तर पुढच्या प्रतिसादाकडे जा.

गुऱ्हाळ आणि असं म्युझियम यात फरक आहे तो चुकण्याचा. काहिलीपाशी मुलाला चुकायची मुभा नसते. तिथं एक चूक म्हणजे भाजणं, म्हणून आपण हात धरून ठेवतो आणि ते योग्यच आहे. म्युझियममध्ये सगळी रचना अशी करतात की मूल चुकलं तरी काही बिघडत नाही, उलट चुकल्यावरच गंमत दिसते. पाण्याच्या टेबलावर बांध चुकीच्या जागी घातला की पाणी बाजूनं जातं. कुणी ओरडत नाही, बांध उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा.

ही कल्पना सुचायला वेळ लागला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली जगातलं पहिलं मुलांचं म्युझियम निघालं, बॉस्टनला १९१३ मध्ये विज्ञानशिक्षकांनी दुसरं काढलं. १९६२ मध्ये बॉस्टनला मायकेल स्पॉक संचालक म्हणून आले. बालसंगोपनावर लिहिणारे डॉक्टर बेंजामिन स्पॉक, त्यांचे हे चिरंजीव. यांना लहानपणी वाचणं फार जड जायचं. त्यांनी काचेची कपाटं हलवली आणि रोजच्या वस्तू कापून, उघडून मुलांपुढे ठेवल्या, आतलं दिसावं म्हणून. वाचता न येणाऱ्या मुलाला म्युझियम कसं दिसतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा सईताई, तुमच्या साडेतीनच्याला वाचता येत नाही ही अडचण मानूच नका. चांगल्या प्रदर्शनाला पाटी वाचावी लागत नाही. पाटी वाचल्याशिवाय मूल पुढे काही करूच शकत नसेल, तर ते प्रदर्शन तुमच्या-माझ्यासाठी केलेलं असतं.

आता वयाप्रमाणे, बहुतेक केंद्रांत असतात त्या गोष्टी.

वाऱ्यावर तरंगणारा चेंडू. खालून पंखा हवा फेकतो, चेंडू वर अधांतरी. नळी तिरकी केली तरी पडत नाही, कारण चेंडूला लगटून जाणारी हवा त्याला परत झोतात ओढून घेते. साडेतीनचा मुलगा चेंडू काढेल, सोडेल, काढेल, सोडेल. सहाची मुलगी नळी किती तिरकी केली की पडतो ते शोधेल. दोघंही खूश, दोघंही बरोबर.

कप्पीची खुर्ची. स्वतःच बसायचं आणि दोर ओढून स्वतःला वर घ्यायचं. दोराचे चार पदर असतील तर एक मीटर वर जायला चार मीटर दोर ओढावा लागतो, पण जोर साधारण चौथाई लागतो. सहाचीला हे हाताला कळतं. लहान्याला आजीनं मांडीवर घेऊन बसायचं, जोर मुलीनं लावायचा. आजीला तिची नात उचलते हे दृश्य मी बऱ्याचदा बघितलंय, कधी शिळं होत नाही.

मैदानाच्या दोन टोकांना दोन मोठ्या तबकड्या. एकीत कुजबुजलं की दुसरीत ऐकू येतं. साडेतीनची मुलं कुजबुजत नाहीत, किंचाळतात. तबकडीपाशी कान लावून बसलेल्या मोठ्या माणसाचा विचार करा.

सावली धरून ठेवणारी भिंत. अंधारी खोली, प्रकाशाचा लखलखाट, मग तुम्ही बाजूला झालात तरी भिंतीवर सावली तशीच. भिंतीला प्रकाश साठवणारा रंग असतो. जिथं तुम्ही उभे होता तिथं प्रकाश पोचला नाही म्हणून तेवढाच भाग काळा राहतो. लहान्याला आधी दारातून आत बघू द्या. काही मुलं अंधाराला घाबरतात आणि मग पुढचा सगळा दिवस कडेवर.

किती वेळ, हे तुम्ही विचारलंय. लहान मुलाबरोबर दीड तास खूप झाला. त्यात सगळं बघून होत नाही. तीन-चार ठिकाणी मुलं खिळतील, तिथंच बसा. 'चल, पुढं अजून खूप आहे' हे वाक्य मी दिवसभर ऐकायचो. एकदा एक मूल पाण्यात चाक फिरवत होतं, ते उलटं फिरवायचं कसं हे त्याला आत्ता-आत्ता सापडत होतं, आणि बाबांनी दंडाला धरून नेलं. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत ना.

रात्रीची_महालक्ष्मी (रविवार, सकाळी ८:१५)

शेवटचं वाक्य मला टोचलं, पण असो. प्रतिसाद जपून ठेवलाय.

मूळची_गडहिंग्लजची (रविवार, सकाळी ९:०३)

पुण्याची बाजू मांडते, बारा वर्षं इथं राहतेय.

पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क (चिंचवड, ऑटो क्लस्टरजवळ) तुमच्या दोघांसाठी त्यातल्या त्यात ठीक. २०१३ पासून आहे, बाहेर मोकळी बाग आहे आणि खेळून बघायच्या गोष्टी आहेत. कोल्हापूरहून येताना शहरात न शिरता बायपासनं थेट गाठता येतं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचं नाव तुम्हाला हमखास कुणीतरी सुचवेल. जागा अप्रतिम आहे, पण तिथं मुख्यतः शाळांचे गट येतात आणि मुलंही जरा मोठी असतात. साडेतीनच्याला तिथं न्यायची घाई करू नका. कोथरूडचं लघुरेल्वेचं म्युझियम हात लावायचं नाही, पण लहान्याला आगगाडीचं वेड असेल तर चालू गाड्यांपुढे तो हलणार नाही.

केळकर संग्रहालय मला जिवापाड आवडतं, म्हणूनच सांगते, या खेपेला नको. मुलगी दहाची झाली की या.

बहुतेक सरकारी-निमसरकारी म्युझियमं सोमवारी बंद असतात. वरळीचं विज्ञान केंद्र सोमवारी चालू असतं, पण होळीला आणि दिवाळीला बंद. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाताय, म्हणून निघायच्या आधी फोन करून तारीख विचाराच.

अद्वैतची_मम्मा (रविवार, सकाळी ११:३०)

एक वेगळा मुद्दा. माझ्या मुलाला आवाज सहन होत नाही. गर्दीचं म्युझियम म्हणजे पाचशे मुलांचा आवाज, घुमणारं छत आणि प्रत्येक बटणाचा टिंगटाँग. आम्ही एका मॉलमधल्या 'मुलांसाठी अनुभव केंद्र' म्हणवणाऱ्या महागड्या जागी गेलो होतो (नाव लिहीत नाही). तिथं सगळ्यात भयंकर प्रदर्शन निघालं बाथरूममधलं हात वाळवायचं मशीन. ते सुरू झालं आणि आमचा दिवस तिथंच संपला.

आता आम्ही शाळा चालू असताना आठवड्याच्या मधल्या वारी जातो, दार उघडतानाच. मुलाला आदल्या दिवशी त्या जागेचे फोटो दाखवतो. हात पुसायला स्वतःचा पंचा नेतो. कानावर घालायचे जाड हेडफोन पिशवीत. आणि आत गेल्या गेल्या एक शांत कोपरा हेरून ठेवतो, जिना किंवा बाहेरचा ओटा. तुमच्या मुलांना हा त्रास नसेलही, पण साडेतीनचं कुठलंही मूल दुपारी एकनंतर थोडंफार असंच होतं.

शाहूपुरीची_सई (रविवार, दुपारी १२:१०)

पंचा लिहून घेतला. आमच्या लहान्याला मिक्सर चालत नाही, तेव्हा हे मशीनही चालणार नाही.

बाकी पिशवीत काय न्यायचं?

मूळची_गडहिंग्लजची (रविवार, दुपारी १२:४०)

दोघांचे जादा कपडे (पाण्याचं टेबल असेल तर ओले होणारच, बाहीची टोकंच नव्हे, चड्डीपर्यंत). स्वतःचेही एक. मोजे घालून चालावं लागतं काही ठिकाणी, म्हणून मोजे. दशम्या, धपाटे, केळी. आत खाऊ देत नाहीत, बाहेर बसून खायचे. फोन एकाकडेच ठेवा, दुसऱ्यानं मुलांबरोबर खेळायचं. आणि कृपया त्यांच्या हातातलं काढून 'असं करायचं असतं' दाखवू नका. हे मी माझ्या नवऱ्यासाठी लिहितेय, तो हा धागा वाचतो.

मूळचा_गडहिंग्लजचा_जावई (रविवार, दुपारी १२:४४)

वाचतो.

निवृत्त_गुरुजी (रविवार, दुपारी ४:२०)

सईताई, तुमच्या प्रश्नाला वळसा घालून येतो.

टाऊन हॉलचं म्हणाल तर त्याला इतकं लवकर बाद करू नका. इमारत १८७६ साली पूर्ण झाली, वास्तुरचना मेजर मँट यांची, त्यांचाच न्यू पॅलेस. पोसायडन सापडला तो १९४० च्या दशकातल्या उत्खननात. लहान मुलाला आत पाच मिनिटं पुरेत. बाहेर बागेतले दगड, तोफा, कमानीतले आवाज यावर अर्धा तास जातो. आमच्या वर्गाला तिथं नेल्यावर मी मुलांना एकच काम द्यायचो. एक वस्तू निवडा आणि घरी जाऊन मातीची करा. कुणी तोफ करायचं, कुणी हत्ती. पोसायडन करणाऱ्याच्या मूर्तीचा हात मोडायचा, कारण ओली माती तेवढी बारीक टिकत नाही. मग तो सुतळी आत घालून बघायचा. धातूची मूर्ती का केली असेल, हे मला सांगावं लागत नसे.

दुसरं, अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. वर आयुकाचा उल्लेख आलाय. तिथं त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. पण मुळात १९७८ च्या सुमाराला मध्य प्रदेशात होशंगाबादकडे गावातल्या शाळांसाठी काम करताना त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे यांची जोडणी सुचवली. ट्यूबच्या तुकड्यात काडी घातली की सांधा तयार. चौकोन केला की तो वाकतो, त्रिकोण केला की वाकत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात हे सहा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांत बोटांना समजतं. गुलाच्या बाजू आधी खरवडून टाकायच्या. साडेतीनच्याला मात्र काड्या नकोत, त्याला खराट्याच्या काड्या आणि भेंडीचे तुकडे द्या. सांधा तोच, शिवाय तोंडात घातला तरी चालतो. ही सगळी खेळणी आणि त्यांचे व्हिडिओ त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, मराठीतही.

आणि दिवाळीत तुमच्याकडे किल्ला होतो की नाही? विटा, पोती, चिखल, वर मोहरी-अळीव पेरायचे. चिखल फार पातळ झाला की बुरूज बसतो. मुलांना भाजायचं नाही, कापायचं नाही, चुकलं तर परत थापायचं. दाते_चाक यांनी जी व्याख्या दिली तीत हे चपखल बसतं.

दाते_चाक (रविवार, संध्याकाळी ५:०५)

गुरुजी, भेंडी माझ्या लक्षात आली नव्हती. मानलं.

तांबडा_पांढरा (रविवार, संध्याकाळी ५:३०)

बेंदराला कुंभाराकडची मातीची बैलं आणताना पोरास्नी माती मळाय बसवा. आमचा पोरगा दोन तास हलंना. घरी आणल्यालं बैलाचं शिंग मोडलं, त्यानंच परत लावलं. उलटं लावलं, पण लावलं. हे तर बघायचं न्हाई, हात लावायचं हाय. आता बोला ताई.

शाहूपुरीची_सई (रविवार, संध्याकाळी ५:४१)

आता काही बोलत नाही, दादा. बेंदूर गेला यंदाचा, पण पुढच्या वर्षी नक्की.

कळंबा_कट्टा (रविवार, संध्याकाळी ६:१५)

हे सगळं ठीक आहे, पण कोल्हापूरला स्वतःचं मुलांचं म्युझियम का नको? साखर कारखाने इथं, दूध संघ इथं, फौंड्री इथं, कुस्ती इथं, पैसेवाले इथं. किती वर्षं पोरांना रंकाळ्यावर भेळ खायला नेऊन सुट्टी साजरी करायची? एखादी जुनी इमारत द्या, निधी द्या, उद्घाटन करा.

दाते_चाक (रविवार, संध्याकाळी ६:५०)

उद्घाटन होतं हो. त्यानंतरचं बोला.

अशा म्युझियममधली प्रत्येक वस्तू दिवसाला शेकडो वेळा ओढली, आपटली, चाटली जाते. मोडली पाहिजेच, जी मोडत नाही तिला कुणी हात लावत नाही असं समजा. प्रश्न इतकाच की दुरुस्त किती दिवसांत होते. आमच्याकडे एका नळीच्या पंख्याची मोटर जळली, तर नवीन यायला खरेदीचे कागद फिरेपर्यंत सुट्ट्या संपल्या. 'बंद आहे' ही पाटी अडकवलेली सहा यंत्रं दिसली की मूल हात लावणंच सोडून देतं, आणि पालक पुढच्या वर्षी येत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोला १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी एक्स्प्लोरेटोरियम काढलं. अणुबाँबवाल्या ओपेनहायमरचे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. नोकरी गेल्यावर गुरं पाळली आणि नंतर गावातल्या शाळेत शिकवलं. त्यांनी म्युझियमचा कारखाना मागं कुठं न लपवता लोकांना दिसेल असा ठेवला. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम, सगळं डोळ्यांसमोर. वस्तू बनताना आणि दुरुस्त होताना दिसायची.

आपल्याकडच्या सरकारी विज्ञान केंद्रांतही चांगल्या कार्यशाळा आहेत, कारण १९७८ मध्ये विज्ञान संग्रहालयांची राष्ट्रीय परिषद झाली तेव्हापासून प्रदर्शनं स्वतः बनवायची पद्धत आहे. पण जिल्ह्याच्या गावी केंद्र निघतं तेव्हा यंत्रं येतात, कार्यशाळा येत नाही.

लेथवाला_उद्यमनगर (रविवार, रात्री ८:१०)

धागा बायकोनं वाचायला दिला. शेवटचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. आमच्या गल्लीत टर्निंग, मिलिंग, पॅटर्न, शीट मेटल, पावडर कोटिंग, सगळं चालत जायच्या अंतरावर. बेअरिंग पाहिजे तर चहा येईपर्यंत येतं. मोटर रिवाइंडिंग संध्याकाळपर्यंत. शेतीची अवजारं, ऑइल इंजिन, पंप, फौंड्रीचे सुटे भाग यावर हे शहर जगलंय. मुलांच्या म्युझियममधलं कुठलंही यंत्र याहून अवघड नसावं. उलट प्रश्न पडला की हे आपण आजवर का केलं नाही.

दाते_चाक साहेब, एक सांगा. गियरची भिंत करायची, मुलांनी चाकं काढून हवी तशी लावायची, तर दात कुठल्या मापाचे ठेवायचे? बोट अडकू नये.

दाते_चाक (रविवार, रात्री ८:४५)

वा! हा प्रश्न विचारणारा माणूस मला नोकरीत असतानाच भेटायला हवा होता.

दात मोठे आणि गोलसर ठेवा, टोकदार नकोत. धातू नको, जाड प्लायवुड किंवा नायलॉन. मुख्य म्हणजे चाकं खुंटीवर सैल बसू द्या. बोट मध्ये आलं तर चाक उचकटून बाहेर यावं, घट्ट धरून ठेवू नये. खुंटीला नट नको. मोटर तर मुळीच नको, मुलांच्याच हातानं फिरलं पाहिजे. गिळता येईल असा एकही सुटा भाग नको. खुंट्यांची छिद्रं अशा अंतरावर पाडा की काही जोड्या जुळतील आणि काही जुळणारच नाहीत. सगळ्याच जुळल्या तर मूल दोन मिनिटांत निघून जातं. आणि तीन चाकं गोलात लावायची सोय हमखास ठेवा.

लेथवाला_उद्यमनगर (रविवार, रात्री ८:५२)

तीन गोलात लावली की जाम होणार. फिरणारच नाहीत.

दाते_चाक (रविवार, रात्री ८:५३)

तेच पाहिजे.

कळंबा_कट्टा (रविवार, रात्री ९:२०)

मी निधीचं बोलत होतो, तुम्ही तर कामालाच लागलात. माझ्या सोसायटीचा क्लब हाऊस दिवाळीत रिकामा असतो. भिंत उभी करायला जागा हवी असेल तर अध्यक्षांशी बोलतो. लोक 'पोरं दंगा करतील' म्हणतील, त्यांना मी बघतो.

निवृत्त_गुरुजी (रविवार, रात्री ९:३५)

पाण्याचं टेबल माझ्याकडून. घंगाळं, पन्हाळीचे तुकडे, गळके डबे. जागा मात्र तळमजल्यावर आणि नळाजवळ हवी. आणि पुसायला पोती.

शाहूपुरीची_सई (सोमवार, सकाळी १०:१५)

सगळ्यांचे आभार. ठरलं असं. भाऊबीज झाल्यावर मधल्या वारी मुंबई, येताजाता रेल्वेनं, सासूबाईंसाठी खालचा बर्थ मिळाला. दादरला उतरून नातलगांकडे आंघोळ-नाश्ता आणि मग वरळी. नेहरू *सायन्स* सेंटर. फोन करून वार विचारलाय. फोर्टातलं मुलांचं म्युझियम या खेपेला सोडलं. माझ्या नवऱ्याला तेही त्याच दिवशी करायचं होतं, त्याला दाते_चाक यांचा प्रतिसाद वाचायला लावला. गुऱ्हाळ दिवाळीआधीच्या रविवारी.

कळंब्याच्या क्लब हाऊसला आम्ही येणारच. माझ्याकडे व्हॉल्व ट्यूबचा गुंडाळा आहे, सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं.

लेथवाला_उद्यमनगर (सोमवार, सकाळी १०:४०)

ताई, तुमच्या दोघांची उंची किती? बोर्ड भिंतीला कुठल्या मापाला ठोकायचा ते ठरवतोय. माझा पोरगा आता नववीत, त्याच्या मापाचं काही उपयोगाचं नाही.

शाहूपुरीची_सई (सोमवार, सकाळी १०:५८)

आत्ताच दाराला लावून मोजलं. मोठी ११४ सेंटीमीटर, लहाना ९७. तो टाचा उचलत होता, ९६ धरा.

लेथवाला_उद्यमनगर (सोमवार, सकाळी ११:०२)

मग खालची ओळ ४५ ला घेतो, वरची ११० ला. प्लायवुड अठरा एमएम.

अद्वैतची_मम्मा (सोमवार, सकाळी ११:०६)

आवाज करणारं काही लावू नका प्लीज. आणि आम्हाला सकाळी लवकरची वेळ मिळेल का?

कळंबा_कट्टा (सोमवार, सकाळी ११:३०)

साडेआठ ते साडेनऊ तुमचं. किल्ली माझ्याकडेच असते.